ओठ मिटलेले, दात सुटे

माझी दाढ तुटली तेव्हा मी काहीही खात नव्हते. हे सांगितलं की कुणाचा विश्वासच बसत नाही. चिक्की असेल, कडक लाडू असेल, आठवून बघा, म्हणतात. अहो, नव्हतं काही! शाळेच्या कार्यालयात माझ्या खुर्चीवर बसले होते, समोर दाखल्यांचा गठ्ठा होता आणि नजर फोनवर. कट्ट असा आवाज झाला आणि जिभेला काहीतरी टोचलं. रुमालात काढून बघितलं तर दाढेचा अर्धा तुकडा.

माणगावला दातांच्या डॉक्टरकडे गेले. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी पोरगी. तोंडात दिवा घालून म्हणाली, "काकू, झोपेत दात खाता का?" म्हटलं, "झोपेतलं मला काय माहीत? आणि सांगायला नवरा आठवड्यातून एकदाच घरी असतो." ती म्हणाली, "सगळ्याच दाढा झिजल्यात. तुम्ही दिवसासुद्धा दात आवळून बसता. आत्ता बसलाय बघा." बघितलं, तर खरंच वरची बत्तिशी खालच्या बत्तिशीवर घट्ट बसलेली.

"मग ठेवायचे कुठे दात?" मी विचारलं.

"तोंडातच ठेवा हो, पण सुटे. ओठ मिटलेले, दात सुटे. जेवण सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं काही कारणच नसतं."

एकोणपन्नास वर्षं मी हे तोंड वापरतेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर ती म्हणाली, "एवढं कसलं टेन्शन घेता?" आणि माझं डोकंच फिरलं. घेता म्हणजे? ते काय बाजारात मिळतं, की मी पिशवी घेऊन गेले आणि म्हटलं, द्या बाई अर्धा किलो? पण तोंडात कापूस होता, त्यामुळे ती पोरगी वाचली.

मी श्रीवर्धनची. म्हणजे माहेर दुसरीकडचं, पण पंचवीस वर्षं इथेच. घरामागे सुपारीची वाडी आहे, मधे-मधे नारळ, दोन जायफळं. सासरे होते तोवर वाडी ते बघायचे. ते गेल्यापासून सकाळी वाडी, दुपारी शाळेत कारकुनी, संध्याकाळी पुन्हा वाडी, असं माझं चालतं. नवरा उरणला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात, तो शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. एकच मुलगी. ती माणगावला फार्मसी करते, होस्टेलवर राहते. घरात काळजी करायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. नवऱ्याने ते कधी मागितलं नाही आणि मी कधी सोडलं नाही.

मुलीचा फोन रोज संध्याकाळी सात वाजता. हा नियम मीच केलेला. सात वाजले की फोन समोर ठेवून बसायचं. सात-पाचला जीव टांगणीला. सात-दहाला मी लावायचे. उचलला नाही तर पुन्हा, मग पुन्हा, मग तिच्या मैत्रिणीला. होस्टेलच्या मुलींनी माझं नावच "सात-दहा" पाडलं होतं. फोन वाजला की ओरडायच्या, "अगं ये, तुझा सात-दहा आला!" हे मला फार उशिरा कळलं.

एकदा तर मी हद्दच केली. ग्रुपवर फोटो आला, माणगावजवळ हायवेला एसटी उलटली. मुलगी एसटीत असायचं काही कारण नव्हतं, तरी मी अकरा फोन केले. मग रेक्टरबाईंना लावला आणि त्यांच्याशी रडत बोलले. त्या बिचाऱ्या दोन जिने चढून वर गेल्या. मुलगी न्हाणीघरात केस धूत होती. तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा निघाला, आणि तोही दुसऱ्या जिल्ह्यातला. रात्री मुलगी चिडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, रेक्टरबाईंचा गुडघा दुखतो गं."

तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता. मी लावला नाही. उलट वाटलं, आईची माया हिला कळेल तेव्हा कळेल.

आता त्या शनिवारचं सांगते. जानेवारी होता. मुलगी दुपारच्या गाडीने आली, दोन घास खाल्ले आणि झोपली. मी तिचे कपडे धुवायला काढले. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला तर घडी केलेला एक कागद लागला. गुलाबी, बारीक चौकटींचा, त्यावर काळी नागमोडी रेघ. सासऱ्यांच्या शेवटच्या महिन्यात असले कागद मी ढिगाने बघितलेत. छातीचा कागद, ईसीजी. वर नाव माझ्या मुलीचं, वय वीस.

तशीच आत गेले आणि तिला हलवून उठवलं. "हे काय आहे?"

ती उठून बसली. डोळे चोळत म्हणाली, "नॉर्मल आहे, आई. कोपऱ्यात लिहिलंय बघ."

"कधी काढलास?"

"महिना झाला."

"कोण होतं बरोबर?"

"बाबा आले होते उरणहून."

आणि मग मी सुरू झाले. मला का नाही सांगितलंस? बापाला सांगितलंस आणि मला नाही? मी काय मेले होते? हेच पुनःपुन्हा, दहा वेळा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. रडायला लागले. दम लागला. ती ऐकत राहिली आणि शेवटी अगदी हळू म्हणाली, "आई, तुला सांगितलं असतं तर आधी तुला सांभाळावं लागलं असतं. मला तेव्हा माझं मलाच सांभाळता येत नव्हतं."

मग ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. कागद तिच्या छातीचा होता, आणि पाणी ती मला आणून देत होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, मी ते घटाघटा प्यायले.

नवरा आला तशी त्याच्यावर गेले. "अहो, तुम्हीसुद्धा?" तो चप्पल काढता काढता म्हणाला, "तिने शपथ घातली होती." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, म्हणजे तो रविवार आणि सोमवारची पहाट. बाकी बोलायला तो घरी असतोच कुठे.

मुलगी परत गेली आणि फोन बदलले. सात वाजता यायचे, नियमाने. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." "बरं वाटतंय ना?" "हो." "काही लपवत नाहीस ना?" "नाही." फोन बंद. मुलगी माझ्याशी बोलत होती आणि मला काहीही सांगत नव्हती. मला खरी भीती कसली वाटली सांगू? आजाराची नाही. उद्या या पोरीवर काही बेतलं, तर ती जगातल्या सगळ्यांना सांगेल, एक मला सोडून. आपण तिच्या वाटेतून बाद झालो, हे आत कुठेतरी कळत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

मुलीचं काही हातात राहिलं नाही, तसा माझा सगळा जोर सुपारीवर आला. आमच्याकडे झाडावरून पिकलेली सुपारी उतरवतात आणि सालासकट अंगणात पसरतात. चांगलं कडक ऊन महिना-दीड महिना लागतं. रोज हात फिरवून उलटीपालटी करायची, म्हणजे सगळ्या अंगांनी सुकते. संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची, सकाळी उघडायची. कानाशी हलवून आत खुळखुळली की झाली तयार, मग सोलायला घ्यायची. यात डोकं लावण्यासारखं काही नाही. सासरे हे सगळं कान खाजवत करायचे.

मी मोबाईल बघून करायला लागले. त्या वर्षी मधूनच आभाळ यायचं. फोनमध्ये एक ढगाचं चित्र दिसायचं, खाली तीन थेंब, आणि पुढे लिहिलेलं, तीस टक्के. तीस टक्के म्हणजे काय हो? पडणार की नाही पडणार? मी शाळेत, सुपारी उघड्यावर, आणि पाऊस आला तर झाकायला घरी कोण? म्हणून मग अकरा वाजता शाळेत निघतानाच ताडपत्री घालायला लागले. चारी बाजूंनी दगड. घरी आल्यावर वाटायचं, आता अर्ध्या तासासाठी काय उघडायची? मुलीवर काही ताडपत्री घालता येत नव्हती, सुपारीवर येत होती. दिवसाला एक-दोन तास ऊन आणि बाकी वेळ झाकण, असं पंधरा दिवस चाललं.

आमच्याकडे सुपारी सोलायला एक मावशी येतात. सासऱ्यांच्या वेळेपासून येतात, त्यामुळे त्यांनी मला घाबरायचा प्रश्नच नाही. त्या तेव्हा भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या हातातून ताडपत्री ओढली असती. आल्या त्या दिवशी रविवार होता. नवऱ्याला यार्डात सुट्टी मिळाली नव्हती, मुलगी आली नव्हती, घरात मी एकटी. मावशींनी पान तोंडात टाकलं, अंगणात आल्या आणि ताडपत्रीचा कोपरा उचलला.

वास आधी आला. कोंदट, आंबूस. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरलेले. सुपारीच्या सालावर पांढरी बुरशी. मावशींनी एक फोडली, दुसरी फोडली. आतून डाग पडलेले. त्यांनी तिसरी फोडलीच नाही.

"वैनी, पाऊस आलता का हितं?"

"नाही."

"थेंब पन न्हाय?"

"थेंबसुद्धा नाही. मी रोज बघत होते."

"काय बगत व्हता?"

"आभाळ."

मावशी म्हणाल्या, "अवो, आभाळ काय बगता? सुपारी बगायची व्हती! रोज एकदा उचलून हात घातला असता तर कळलं असतं, आत तिला घाम सुटलाय त्यो. पावसानं न्हाय खाल्ली ही. तुमी खाल्लीव." आणि वर हसल्या. मला राग यायला हवा होता, मी रागावणारी बाई आहे. पण मी पायरीवर बसले ती बसलेच.

कारण मला एकदम आठवलं की त्या शनिवारी मी मुलीला दहा वेळा विचारलं होतं, मला का नाही सांगितलंस. आणि एकदाही विचारलं नव्हतं की बाळ, तुला झालं काय होतं? त्या दिवशी नाही, नंतर फोनवर नाही, तीन आठवड्यांत एकदाही नाही. छातीचा कागद काढण्याइतकं पोरीला काय झालं होतं, हे मला अजून माहीतच नव्हतं. मला माहीत होता तो फक्त माझा अपमान. मला माझीच शरम वाटली. मावशींनी बुरशीची सुपारी एका बाजूला लोटायला घेतली आणि म्हणाल्या, "रडू नका, निम्मी हाय चांगली." त्यांना वाटलं मी सुपारीसाठी रडतेय.

त्या संध्याकाळी सातला फोन आला. जेवलीस का विचारलंच नाही. म्हटलं, "एक विचारायचं राहून गेलं होतं. तो कागद काढलात, त्या दिवशी तुला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "घरी आले की सांगते."

पुढच्या शनिवारी आली. उरलेली निम्मी आणि दुसऱ्या तोडणीची सुपारी अंगणात पसरली होती. मी हात फिरवत होते, ती येऊन शेजारी बसली आणि तीही हात फिरवायला लागली. आणि बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. दिवाळीनंतरच्या परीक्षेत एका पेपरला अक्षरं हलायला लागली. छाती इतकी धडधडली की शेजारच्या बाकावर ऐकू जाईल असं वाटलं. हात गार. आता आपण मरणार, असं वाटलं. वीस मिनिटांत कोरा पेपर देऊन ती बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हे ताणाने होतं. मला तिने सांगितलं होतं की निकाल लागायचाय. निकाल केव्हाच लागला होता. तो पेपर आता मार्चमध्ये पुन्हा द्यायचा होता, आणि तो राहिला तर पुढच्या वर्षात जाता येणार नव्हतं.

नापास! आणि खोटं बोलली! तोंडात दहा वाक्यं तयार होती, सगळी मोठ्या आवाजातली. तेवढ्यात जाणवलं, की नवीन बसवलेली दाढ ठणकतेय. दात आवळलेले. मी ते सोडले. दोन्ही हात सुपारीत घातले आणि म्हणाले, "मग?"

इतका छोटा प्रश्न मी जन्मात कुणाला विचारला नव्हता. आणि त्या "मग" वर ती अर्धा तास बोलली. कॉलेजात बुधवारी एक समुपदेशक मॅडम येतात, त्यांच्याकडे ती जायला लागली होती. नवऱ्याला तेही ठाऊक होतं. टोचलं मला. खोटं कशाला बोलू, चांगलंच टोचलं. पण गिळलं.

बोलता बोलता तिने कानाखाली बोटं दाबली. "सकाळी उठल्यावर इथे दुखतं गं."

मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्यासारखे कुरळे केस, माझ्यासारखं नाक, सगळे म्हणतात आईवर गेली. हेही माझ्यावरच गेलं होतं. विसाव्या वर्षी पोरगी दात आवळून झोपत होती, आणि ते तिने कुठे बघितलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "कशाबद्दल?" म्हटलं, "ते नंतर सांगते, यादी मोठी आहे. आधी हे शिक. ओठ मिटलेले, दात सुटे." तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग दोघी अंगणात तोंड मिटून, दात सुटे ठेवून बसलो, आणि कुंपणापलीकडून शेजारीण विचारते, "भांडलात का गो?"

आता कुणाला वाटेल, झालं, बाई सुधारली. डोंबल! सवय अशी जाते होय? मी एक केलं. शाळेत दिवसातून नऊ घंटा होतात. ठरवलं, घंटा झाली की दात बघायचे. पहिले कितीतरी दिवस नऊच्या नऊ वेळा आवळलेलेच सापडले. पालक दाखल्यासाठी उभे आणि मी जबडा हलवतेय. शिपाईदादांनी विचारलं, "मॅडम, काय चघळताय?" मग नवात सहा वेळा आवळलेले, मग पाच. फोनवरचं ते ढगाचं चित्र मी काढून टाकलं. आभाळ आलं की मावशी सांगतात, आणि मावशी नसतील तेव्हा दार उघडलं की दिसतंच.

संध्याकाळचं मात्र कठीण होतं. सात-दहाला हात फोनकडे जायचाच. मी स्वतःला सांगितलं, आधी सगळ्या सुपारीवर एक हात फिरवायचा, ती नीट झाकायची, मग लावायचा असला तर फोन लावायचा. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जायची. तेवढ्यात बहुतेक वेळा तिचाच यायचा. एकदा मी लबाडी केली. स्वतः लावला नाही, उरणला नवऱ्याला लावला आणि त्याला करायला लावला. तिने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "आईने सांगितलं ना?"

मार्च उजाडला. तिचा पेपर दुपारी दोनला. त्या आधी तीन दिवस मी अन्न नुसतं ढकलत होते. अंगाऱ्याची पुडी पाठवावी असं फार मनात आलं, पाठवली नाही. नवऱ्याने रजा टाकून माणगावला जायचं काढलं, तर तिनेच नको म्हटलं. एकटीने जायचंय, म्हणाली.

दीडच्या सुमारास शाळेत माझा फोन वाजला. तिचा. तिची फोनची वेळ सातची, ही नव्हे.

"आई." आवाज कापत होता. "मी बाहेर उभी आहे. हात गार पडलेत. धडधडतंय. मला आत जायचंच नाहीये."

काय काय आलं तोंडात! काही होत नाही गं. देवाचं नाव घे. अगं वर्ष जाईल. मी रिक्षा करून येते. बाबांना पाठवते. सगळी वाक्यं रांगेत उभी होती, ढकलाढकली करत. पण एक गोष्ट मला त्यांच्याही आधी कळली होती. हा फोन तिने बाबांना केला नव्हता. मॅडमना केला नव्हता. मला केला होता.

म्हटलं, "मी बोलू, की नुसती बसू फोनवर?"

"नुसती बस."

मी बसले. तिकडचं ऐकू येत होतं, मुली घोकत होत्या, एक गाडी मागे जाताना पीं पीं करत होती, आणि तिचा श्वास. हेडमास्तर काहीतरी विचारायला आत आले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते बिचारे दारातच उभे राहिले. थोड्या वेळाने मी एवढंच विचारलं, "दात कुठे आहेत?"

"लागलेत."

"माझेही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, त्यात थोडं हसू होतं. "सोड मग," ती म्हणाली. "तू पण सोड." आम्ही सोडले. किती वेळ तशा होतो कोण जाणे. मग तिकडे घंटा झाली. "जाते," म्हणाली, आणि फोन बंद झाला.

जाते म्हणजे कुठे? आत की होस्टेलवर? ते काही कळलं नाही. विचारावं म्हणून हात फोनवर गेला, मग म्हटलं, नको. पाचला पेपर सुटला असणार. फोन नाही. साडेपाचला घरी आले. सहा वाजले. नवऱ्याचा फोन आला, "काही कळलं?" म्हटलं, "नाही, आणि तुम्हीही लावू नका." मावशी सोलणं आटपून जायच्या होत्या, त्या गेल्याच नाहीत, उगीच पान जुळवत पायरीवर बसल्या. सात वाजले. मी सुपारीवर हात फिरवायला घेतला, एका टोकापासून. सात-दहा झाले असतील. मी घड्याळ बघितलं नाही, मावशींनी बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. एकेक सुपारी उलटी करत दुसऱ्या टोकाला पोचले. मनात सगळं येऊन गेलं. ती आत गेली नसेल. रडत बसली असेल. मला तोंड दाखवायला नको म्हणून फोन बंद ठेवला असेल. दोन वेळा उठले आणि दोन वेळा परत बसले. दवाची वेळ झाली होती, म्हणून दोघींनी ताडपत्री ओढली आणि तिच्यावर दगड ठेवायला लागलो.

शेवटचा दगड हातात होता आणि फोन वाजला. तिचा.

"आई! काय झालंय? बरी आहेस ना तू?"

"का गं?"

"का गं काय? सात-वीस होऊन गेले! तुझा फोन नाही, मेसेज नाही! पेपर सुटल्यावर आम्ही सगळ्या वडापाव खायला गेलो, मला वेळेचं भानच नाही राहिलं, आणि तू तरी करायचास ना! मी केवढी घाबरले! आता मावशींना लावणार होते, तू पडलीस-बिडलीस की काय वाटलं मला. बोल ना काहीतरी!"

वडापाव, म्हणाली. सगळ्या, म्हणाली. पेपर सुटल्यावर, म्हणाली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हातातला दगड खाली ठेवायचंही सुचेना.

"दात सुटे कर आधी," मी म्हणाले.